डिक्कीचे कुलूप आणि आजोबांचा दाखला

डहाणू-तलासरी भागात ज्यांचे काम फिरतीचे आहे त्यांचे निम्मे दप्तर मोटारसायकलवरच असते. शिक्षक, विमा एजंट, ग्रामीण डाकसेवक, औषधांचे विक्रेते आणि कचेरी सुटल्यावर सामाजिक कामाला लागणारे आमच्यासारखे लोक, बहुतेकांच्या गाडीला डाव्या अंगाला एक पत्र्याची किंवा फायबरची पेटी असते. कोणी तिला साईड बॉक्स म्हणतात, कोणी डिक्की. गाडी घेताना लोक ॲव्हरेज विचारतात, टायर पाहतात, हप्ता किती बसेल याचा हिशेब मांडतात. डिक्कीचे कुलूप मात्र कोणी पाहत नाही. कचेरीत कपाटाच्या किल्लीचीसुद्धा सही करून नोंद होते, आणि त्याच कपाटातले कागद बाहेर पडले की दोन बोटांएवढ्या कुलपाच्या भरवशावर तीस-तीस किलोमीटर हिंडतात.

हे कागद कसले असतात ते सांगितले पाहिजे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. दुसरी तारीख आपल्या घराघरांत पाठ आहे. पहिली तारीख वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांच्या मानेवर बसलेली आहे. ज्यांच्या आजोबांनी शाळेची पायरीच पाहिली नाही, त्यांनी १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला कोठून आणावा? मग गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद शोधायची, कोतवालाच्या वह्या धुंडाळायच्या. वनहक्काच्या दाव्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचे पुरावे लागतात, त्यांचेही असेच. हे कागद कुटुंबाकडे एकच असतात आणि पत्र्याच्या ट्रंकेतून निघून थेट कोणाच्या तरी डिक्कीत बसतात.

मागच्या वर्षी जून महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याने तलासरीकडच्या पाड्यावरून असाच एक उतारा डहाणूच्या प्रांत कार्यालयात नेला. तलासरी तालुका डहाणू उपविभागात येतो. अर्ज हल्ली संगणकावर भरला जातो, पण मूळ कागद पाहायला मागितला की न्यावाच लागतो. बारावी झालेल्या मुलीचा प्रवेश त्यावर अडलेला, आणि आजोबांचे नाव असलेली शाळेची वही अशी वाळवीने खाल्लेली की दुसरा उतारा निघेल याची खात्री नाही. वाटेत पावसाने झोडपले. कार्यालयापाशी पोचल्यावर किल्ली घातली तर किल्लीबरोबर अख्खे कुलूपच गरगर फिरू लागले. झाकण काही उघडेना. मुलीचे वडील बरोबर होते. ते एवढेच म्हणाले, “दादा, फोडा, पण कागद फाटू देऊ नका.”

शेजारच्या गॅरेजमधला मिस्त्री आला. त्याने पाहिले आणि हसून म्हणाला, “भाऊ, कुलूप बिघडलेलं नाही. भोक चुकलंय.” कुलपाच्या कडेला त्याने पातळ पेचकस रोवला, कुलूप जागच्या जागी दाबून धरले आणि किल्ली फिरवली. झाकण उघडले. डिक्कीत तळाला बोटभर पाणी होते. उतारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला म्हणून वाचला.

भोक चुकले म्हणजे काय, हे आम्ही त्याच्याकडून समजून घेतले. डिक्कीचे कुलूप म्हणजे एक छोटी नळी. तिच्यात पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पात्या असतात, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. बरोबर किल्ली शिरली की सगळ्या पात्या एका पातळीत येतात आणि आतला गोळा फिरतो. त्याच्या मागच्या टोकाला स्क्रूने किंवा नटाने बसवलेली लोखंडी पट्टी असते. गोळा पाव फेरा फिरला की ही पट्टी पेटीच्या कडेमागे अडकते. आता नळीचे बाहेरचे अंग पूर्ण गोल नसते, दोन बाजूंनी ते चपटे कापलेले असते. पेटीचे भोकही तसेच दोन बाजूंनी चपटे असले तरच नळी जागेवर राहते आणि फक्त आतला गोळा फिरतो. पण बसवणारा घाईत असतो. तो ड्रिलने सरळ गोल भोक पाडतो, मागून नट आवळतो आणि गाडी देऊन टाकतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर नट सैल झाला की गोल भोकात नळी फिरू लागते. गिऱ्हाईक म्हणते कुलूप खराब निघाले, नवे आणते, आणि ते त्याच भोकात बसवते. असे तीन-तीनदा नवे कुलूप घेतलेले लोक आम्हाला ठाऊक आहेत.

तेव्हा कुलूप बसवताना समोर उभे राहावे. आधी बारीक भोक पाडायला लावावे, मग कानशीने हळूहळू वाढवून नळीच्या आकाराचे करायला सांगावे. यात दहा मिनिटे जास्त जातील, मिस्त्री कुरकुर करील, करू द्यावी. पत्रा कापला गेला तेथे रंग किंवा रेड ऑक्साईड लावल्याशिवाय कुलूप बसवू देऊ नये. डहाणूची हवा खारी आहे, उघडा पत्रा तिच्यापुढे पावसाळाभरही टिकत नाही. फायबरच्या पेटीत आतून पत्र्याची एक चकती द्यावी, नाहीतर धक्क्यांनी भोकाभोवती चिरा जातात. मागच्या नटाखाली स्प्रिंग वॉशर हवाच. कुलपाचे तोंड झाकणाच्या वरच्या अंगाला ठेवू नये, तेथून पाणी थेट आत उतरते. ते उभ्या बाजूला असावे आणि त्यावर छोटी झडप असावी. पेटीच्या तळाला मात्र एखादे बारीक भोक मुद्दाम ठेवावे. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते.

पेटी गाडीला कशी जोडली आहे हेही पाहावे. तिचे बोल्ट आतून आवळलेले असले तर झाकण बंद असताना ते कोणाला सोडवता येत नाहीत. बोल्टची डोकी बाहेर असतील तर कितीही भारी कुलूप लावा, चोर पाना लावून अख्खी पेटीच घेऊन जाईल. बिजागरीचेही तेच.

कुलूप अडले की आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे तेल. महामार्गावरच्या ट्रकांची धूळ तलासरीपासून चारोटीपर्यंत आपल्या गाडीवर बसत असते. तेल लावलेल्या कुलपात ती चिकटते आणि महिन्याभरात आत लगदा तयार होतो. गंजाने अगदीच धरले असेल तर गंज सोडवणारे तेल मारून पुसून काढावे. एरवी शिसपेन्सिल पुरते. मुलांच्या दप्तरातली मऊ शिसाची पेन्सिल किल्लीच्या दोन्ही अंगांवर घासावी, किल्ली चार-पाच वेळा आतबाहेर करावी. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाईट, ते कोरडेच घसरते आणि धूळ धरत नाही. किल्ली शिरते पण फिरत नाही असे असेल तर जोर करू नये. डिक्की कोंबून भरलेली असते आणि झाकणाचा ताण मागच्या पट्टीवर येतो. एका हाताने झाकण दाबून धरले की किल्ली सहज फिरते. आमच्या ओळखीच्या एका अंगणवाडी सेविकेने ही युक्ती गॅरेजवाल्याच्या आधी शोधून काढली होती.

दुसरी किल्ली करायची तर झिजलेल्या किल्लीवरून करू नये, झीजही तिच्यात उतरते. नव्या कुलपाबरोबर आलेली दुसरी किल्ली कोरी ठेवावी, नकल तिच्यावरून काढावी. किल्लीवर किंवा तिच्या बिल्ल्यावर नंबर असेल तर घरी वहीत टिपून ठेवावा.

चोरीपुढे हे कुलूप किती टिकते? फार नाही. लंडनला जोसेफ ब्रामा याच्या कंपनीने आपले कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवून ते उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस लावले होते. १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडले, पण त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. आपल्या डिक्कीच्या कुलपात मोजक्या पात्या असतात आणि किल्ल्यांचे नमुनेही मोजकेच. एकाची किल्ली दुसऱ्याला लागल्याचे प्रकार होतात. शिवाय चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही, झाकणाच्या फटीत पहार घालतो. बँकेतून निघालेल्या माणसाचा पाठलाग करून डिक्की फोडली, रोकड लांबवली, ही बातमी वर्तमानपत्रांत वरचेवर येते. ती नीट वाचली तर बहुतेक वेळा माणूस मध्ये कोठेतरी चहाला किंवा भाजीला थांबलेला असतो. पैसे आणि मूळ कागद डिक्कीत ठेवून गाडी सोडायची नाही. खांद्याला झोळी कशाला आहे?

वाहनविम्यातून डिक्कीतल्या सामानाची भरपाई सहसा मिळत नाही. चोरी झालीच तर पोलिसांत तक्रार देताना प्रत्येक कागदाचे नाव, क्रमांक, कोणत्या कचेरीचा आणि कोणत्या तारखेचा, हे लिहून द्यावे. “कागदपत्रे गेली” एवढ्यावर पुढे कोणतीही कचेरी दुसरी प्रत देताना हात झटकते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, चोरीचे कलम आता ३७९ राहिले नसून भारतीय न्याय संहितेचे ३०३ आहे. गाडी निघण्यापूर्वी कागदाचा मोबाईलवर फोटो काढून तो कुटुंबातल्या कोणालातरी पाठवावा, म्हणजे हे सारे तपशील हाताशी राहतात.

कागद भिजलाच तर इस्त्री फिरवू नये आणि उन्हात टाकू नये. दोन जुन्या वर्तमानपत्रांमध्ये सपाट ठेवावा, वर पाटा किंवा जड पुस्तक द्यावे, दर दोन तासांनी वर्तमानपत्र बदलावे. लॅमिनेशन मात्र करू नये. वरचा शिक्का आणि शाई तपासायची असली की प्लास्टिकखाली काही दिसत नाही, आणि ते काढायला जावे तर कागद त्याच्याबरोबरच निघतो. त्या मुलीचा उतारा असाच वर्तमानपत्रात वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा डहाणूला नेला. त्या खेपेला तो वडिलांनी सदऱ्याच्या आतून छातीशी धरला होता, आणि डिक्कीत फक्त डबा होता.