थकवा म्हणजे आळस नव्हे

डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी कॉलेजात जाते. पहाटे उठून पाणी भरायचे, भाकऱ्या भाजायच्या, मग एस.टी. गाठायची. ती वर्गात पेंगू लागली की आपण म्हणतो, "आळशी झाली!" घरात कोणी म्हणते, "दृष्ट लागली." दोन्ही चूक असू शकते, बरे का!

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक लहानशी ग्रंथी असते. तिचे नाव थायरॉइड. चुलीतली लाकडे पुढेमागे सारून आपण जाळ बेताचा ठेवतो ना, तशी ही ग्रंथी शरीराची आच राखते. तिचा रस कमी पडला की थकवा येतो, थंडी सोसत नाही, केस गळतात, वजन वाढते, पाळी बिघडते. रस जास्त झाला की छाती धडधडते, हात कापतात, खाऊनपिऊन अंग वाळते. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत पुष्कळ अधिक आढळतो. पण पाळीची गोष्ट मुली लाजेने सांगत नाहीत आणि दुखणे लपून राहते.

रक्त कमी असले तरी असाच थकवा येतो. म्हणून आधी रक्त तपासावे. लोहाच्या गोळ्या घेऊनही थकवा हटला नाही, तर डॉक्टरांना टी.एस.एच. तपासणीबद्दल विचारावे. थायरॉइडची गोळी बहुधा सकाळी उपाशीपोटी घेतात. लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी घ्यावी. एकत्र घेतल्यास पहिली नीट लागू पडत नाही. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये.

आता मिठाविषयी. या ग्रंथीला आयोडीन लागते. समुद्र उशाशी आहे, मग मिठात आयोडीन असणारच, असे वाटते. पण खाजणातल्या साध्या मिठात ते नगण्यच उरते. १९५६ साली हिमालयातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि तिथला गलगंड कमी होत गेला. त्यावरून १९६२ साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम निघाला. तेव्हा आयोडीनचे मीठच घ्यावे, झाकून ठेवावे. जास्त मीठ खावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. शिवाय आयोडीन पुरेसे मिळूनही हा विकार होऊ शकतो. त्याला औषधच लागते.

गुरुजी, बाई, वर्गात पेंगणाऱ्या मुलीला रागावण्याआधी एकदा जवळ बसवून विचारा, "पोरी, तुला बरे वाटते ना?" त्या एका प्रश्नाने तिचे शिक्षण सुटता सुटता वाचेल.