नादिया नदीम: हेरातची लेक, डेन्मार्कची खेळाडू

"खेळायचं की शिकायचं?" शाळेत मुली विचारतात, आणि घरचा जवाब बहुतेक ठरलेला असतो. मला अशा वेळी नादिया नदीम आठवते.

तिचा जन्म १९८८ चा, अफगाणिस्तानातल्या हेरातचा. वालिद फौजेत जनरल. २००० साली तालिबानने त्यांना ठार केलं. मागे उरल्या अम्मी आणि पाच मुली. बाईने एकटीने घराबाहेर पडणंही मुश्कील, असा तो काळ. अम्मी पाचही लेकींना घेऊन पाकिस्तानमार्गे, खोट्या पासपोर्टवर इटलीला पोहोचल्या, पुढे ट्रकमधून. जायचं होतं लंडनला, उतरल्या डेन्मार्कमध्ये!

निर्वासित छावणीशेजारी मैदान होतं. तिथे मुलींना फुटबॉल खेळताना पाहून नादियाही खेळू लागली. राष्ट्रीय संघात येताना मात्र नियम आडवा आला: अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पाच वर्षं त्या देशात राहिलेलं हवं. डॅनिश संघटनेने दाद मागितली, फिफाने अपवाद केला आणि २००९ मध्ये ती डेन्मार्ककडून उतरली. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिला गोल तिचाच. सामना नेदरलँड्सने ४-२ जिंकला.

पोर्टलंड, मँचेस्टर, पॅरिस असे क्लब बदलत गेले, पण वैद्यकीचा अभ्यास सुटला नाही. जानेवारी २०२२ मध्ये ती डॉक्टर झाली.

त्याच नोव्हेंबरात, कतारच्या विश्वचषकात टीव्हीवर डेन्मार्कच्या सामन्याबद्दल बोलता बोलता ती उठून गेली. अम्मी ट्रकच्या धडकेत वारल्या होत्या. लेक डॉक्टर झालेली तेवढी त्यांनी पाहिली.