घरच्या गाण्यासाठीं रेकॉर्डर

झाडीपट्टींतील आमच्या गोंदिया जिल्ह्यांत दंडार असो वा भजन असो, गाणाऱ्यांची वाण नाहीं. वाण आहे ती गाणें नीट जपणाऱ्या साधनाची. एका दिवाळींत आम्हीं आजींचे अभंग मोबाइलवर टिपले. तबला ठणठणीत उमटला, आजींचा आवाज मात्र त्याखालीं बुडाला. दोन्ही एकत्र मिसळल्यामुळें मागाहून उपाय चालेना. आतां आजी नाहींत.

म्हणून वाचकांस सुचवावेंसें वाटतें कीं, प्रत्येक आवाज निराळा ठेवणारा डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर घ्यावा. घेतांना ट्रॅक किती यापेक्षां एकाच वेळीं किती माइक निराळे टिपले जातात, हें आधीं विचारावें. आठ ट्रॅकच्या यंत्रासहि कधीं दोनच माइक लागतात. कंडेन्सर माइक असल्यास यंत्रानें त्यास ४८ व्होल्ट पुरविले पाहिजेत. खेड्यांत न्यावयाचें तर तें बॅटरीवर चालणारें असावें. सेकंदास ४८,००० नमुने व २४ बिट या प्रतीनें एका ट्रॅकच्या तासास सुमारें ५२० मेगाबाइट जागा लागते. कार्ड त्या मानानें घ्यावें.

आणि घरांत वडील माणसें गाणारीं असतील, तर सणाची वाट न पाहतां पहिलें ध्वनिमुद्रण त्यांचेंच करावें.