बंदिवानाचें औषधपाणी

शाळेच्या वार्षिक अंकांत तुरुंगाचा विषय कशास, असें कित्येक पालकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु थोडा विचार केल्यास हा विषय आपल्यापासून फार दूर नाहीं असें दिसून येईल. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत शेताच्या बांधावरून, पाण्यावरून अथवा नशेच्या भरांत झालेल्या मारामारीवरून मनुष्य अटकेंत पडतो, आणि मग त्याच्या घरच्या माणसांपुढें दोन प्रश्न उभे राहतात. आंत तो आजारी पडला तर त्याला औषध कोण देणार? आणि कर्ता पुरुष आंत असतांना बाहेर त्याचीं बायकामुलें आजारी पडलीं, तर सरकारी आरोग्य-योजनेचा लाभ त्यांस मिळणार कीं नाहीं? या प्रश्नांचीं उत्तरें ठाऊक नसलीं म्हणजे गरीब माणूस कोणाच्याहि सांगण्यावर विश्वास ठेवतो, कर्ज काढतो, आणि जें हक्काचें आहे तें मागण्यास मात्र संकोचतो. म्हणून या दोन्ही प्रश्नांचा येथें क्रमानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जुन्या काळाकडे एक दृष्टिक्षेप टाकूं. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील तुरुंग म्हणजे रोगांचीं माहेरघरेंच होतीं. तेथें एक प्रकारचा ताप पसरत असे व त्याला लोक ‘तुरुंगाचा ताप’ म्हणत. हा ताप म्हणजे उवांमुळें पसरणारा टायफस होय, हें पुढें कळलें. १७५० सालीं लंडनच्या ओल्ड बेली या न्यायालयांत न्यूगेटच्या तुरुंगांतून कैदी आणले गेले, आणि त्यांच्याबरोबर हा तापहि न्यायालयांत आला. पन्नासांहून अधिक माणसें त्यांत दगावलीं. खुद्द लंडनचे नगराध्यक्ष सर सॅम्युअल पेनंट हेहि त्यांतच वारले. ज्यांनीं कैद्यांस शिक्षा सांगावयाची, त्यांच्याच घरीं रोग पोहोंचला! तुरुंगाची भिंत माणसाला अडविते, रोगाला अडवीत नाहीं, हा धडा त्या देशानें इतक्या मोठ्या मोलानें घेतला.

पुढें १७७३ सालीं जॉन हॉवर्ड नांवाचे गृहस्थ बेडफर्डशायर परगण्याचे शेरीफ झाले. त्यांनीं गांवोगांवचे तुरुंग स्वतः हिंडून पाहिले आणि १७७७ सालीं त्यांची खरी स्थिति ग्रंथरूपानें लोकांपुढें मांडली. तत्पूर्वीं, १७७४ सालींच, पार्लमेंटनें बंदिवानांच्या आरोग्यासंबंधीं कायदा केला होता. तुरुंगाच्या भिंतींस चुना द्यावा, आजाऱ्यांसाठीं निराळ्या खोल्या असाव्यात, वैद्य नेमावा, अशीं साधीं परंतु प्राणरक्षक कलमें त्यांत होतीं.

आपल्या देशांत १८९४ सालच्या तुरुंग कायद्यानें हीच दिशा धरिली. कैदी आंत येतांच त्याची वैद्यकीय तपासणी करावी व त्याच्या अंगावरील जखमा नोंदवून ठेवाव्यात. आजारी दिसणाऱ्या अथवा वैद्यास भेटूं इच्छिणाऱ्या कैद्याचें नांव विलंब न लावितां तुरुंगाधिकाऱ्यास कळवावें. वैद्यानें दिलेल्या सूचना लिहून ठेवाव्यात. आणि प्रत्येक तुरुंगांत रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठीं योग्य जागा असावी, असें त्या कायद्यानें घालून दिलें. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदानें जीविताच्या हक्काचें रक्षण केलें. हा हक्क तुरुंगाच्या दाराशीं संपत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें वेळोवेळीं स्पष्ट केलें आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं ज्या नियमांस नेल्सन मंडेला यांचें नांव दिलें, त्यांतहि हेंच सांगितलें आहे कीं, बाहेरील समाजास जी वैद्यकीय सेवा मिळते, त्याच प्रतीची सेवा बंदिवानास विनामूल्य मिळाली पाहिजे.

आतां आपल्या तालुक्यांकडे वळूं. समजा, मुरबाडकडील एखाद्या इसमास अटक झाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली असून, तिच्या ५३ व्या कलमाप्रमाणें अटकेनंतर लवकरच सरकारी वैद्याकडून त्याची तपासणी झाली पाहिजे. अटक झालेली व्यक्ति स्त्री असेल तर तपासणी स्त्री-वैद्यानें अथवा तिच्या देखरेखीखालीं व्हावी. अहवालाची एक प्रत त्या व्यक्तीस, किंवा ती सांगेल त्या माणसास, मिळाली पाहिजे. ही प्रत घरच्यांनीं मागून घ्यावी व जपून ठेवावी. तिचें मोल पुढें कळतें. ५६ व्या कलमानें तर आरोपीच्या आरोग्याची व सुरक्षिततेची काळजी घेणें हें ज्याच्या ताब्यांत तो असेल त्याचें कर्तव्यच ठरविलें आहे.

न्यायालयीन कोठडी झाली म्हणजे आपल्या भागांतील आरोपी सामान्यतः कल्याणास आधारवाडीच्या कारागृहांत किंवा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहांत जातो. ठाण्याचें हें कारागृह जुन्या किल्ल्यांत आहे, आणि १९१० सालच्या एप्रिलच्या १९ तारखेस अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांस येथेंच फांशी झाली, हें विद्यार्थ्यांनीं इतिहासांत वाचलेंच असेल. कारागृहांतील वैद्याच्या आवांक्याबाहेरचा आजार असेल तर कैद्यास पोलीस पहाऱ्यांत बाहेरील सरकारी रुग्णालयांत नेतात. या सर्व उपचारांचा भार शासनाचा असतो. कैद्याचें नांव कोणत्या योजनेंत आहे, त्याची शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे, हे प्रश्न त्याच्या उपचाराच्या आड येतां कामा नयेत. कारण त्याचा हक्क योजनेंतून नव्हे, तर शासनाच्या ताब्यांत असण्यांतूनच उत्पन्न होतो. बाहेरील माणूस आपल्या पायांनीं दवाखान्यांत जाऊं शकतो. बंदिवानास तें शक्य नाहीं. ज्यानें त्याचे पाय बांधले, त्यानेंच त्याला वैद्यापर्यंत न्यावें, हा यांतील सरळ न्याय आहे.

येथें परदेशाचें एक उदाहरण बोधप्रद होईल. अमेरिकेंत गरिबांसाठीं १९६५ सालीं मेडिकेड नांवाची योजना निघाली. परंतु तुरुंगांतील माणसाच्या उपचारास तिचा पैसा वापरूं नये, असा निर्बंध तिच्यांत प्रारंभापासूनच आहे. बाहेरच्या रुग्णालयांत कैद्यास दाखल करावें लागलें, तरच त्यास अपवाद होतो. यामुळें कित्येकांचें नांव पटावरून निघे, आणि सुटका झाल्यावर नवा अर्ज मंजूर होईपर्यंत मधुमेहाच्या किंवा मानसिक विकाराच्या रोग्याचें औषध तुटे. २०२३ सालीं कॅलिफोर्निया राज्यास सुटकेपूर्वींच्या ९० दिवसांत कांहीं सेवा या योजनेंतून देण्याची परवानगी मिळाली, ती याच अनुभवामुळें.

औषध तुटण्याची ही अडचण आपल्याकडेहि आहे. क्षयरोगाचेंच पाहा. सरकारी केंद्रांत क्षयाचें औषध विनामूल्य मिळतें, परंतु तें महिनोगणती नेमानें घ्यावें लागतें. मध्येंच सोडल्यास रोग बळावतो व पुढें तेंच औषध त्यास लागू पडेनासें होतें. कोंदट जागीं अनेक माणसें एकत्र राहिलीं म्हणजे हा रोग पसरण्यास वेळ लागत नाहीं. असा रोगी जामिनावर सुटून वाडीवर परत आला, आणि तेथून कुटुंबासह वीटभट्टीवर निघून गेला, तर त्याचें औषध कोण चालवील? म्हणून सुटकेच्या वेळीं उपचाराचे कागद मागून घ्यावेत, आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयांत किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते लगेच दाखवावेत. यांत लाज मानण्याचें कांहींच कारण नाहीं. लपविलेला रोग प्रथम आपल्याच लेंकरांस ग्रासतो.

आतां दुसरा प्रश्न. महाराष्ट्रांत २०१२ सालीं जी योजना राजीव गांधी यांच्या नांवानें सुरू झाली, तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असें नांव आहे. २०२३ सालीं शासनानें तिचा लाभ सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत नेण्याचा, व प्रत्येक कुटुंबास दरसाल ५ लक्ष रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय केला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून शासनाच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांतील उपचारहि निःशुल्क झाले. ही योजना एकट्या कर्त्या पुरुषाची नसून कुटुंबाची आहे. शिवाय २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरांतील अठरा वर्षांवरील वडील स्त्रीचें नांव असावयाचें असतें. तेव्हां बाप तुरुंगांत गेला म्हणून आईचा व मुलांचा हक्क बुडतो, असें जो कोणी सांगेल त्याचें ऐकूं नये. शिधापत्रिका व ओळखपत्र नीट जपून ठेवणें, हेंच अशा वेळीं घरच्या माउलीचें मोठें धन होय.

कांहीं वाचक म्हणतील कीं, ज्यानें गुन्हा केला त्याची इतकी काळजी कशास वाहावी? त्यांनीं एक आंकडा ध्यानांत घ्यावा. २०२२ सालअखेर देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, आणि त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत सुमारें पंच्याहत्तर, अद्याप खटल्याच्या निकालाची वाट पाहणारीं होतीं. त्यांचा अपराध सिद्ध झालेला नव्हता. कित्येक माता आपल्या तान्ह्या मुलांसह तेथें असतात. सहा वर्षांपर्यंतचें मूल आईजवळ राहूं शकतें. त्या मुलानें काय अपराध केला? आणि ज्याचा अपराध सिद्ध झाला त्यालाहि न्यायाधीशानें कैद सांगितलेली असते. खोकला, ताप किंवा मरण सांगितलेलें नसतें. न्यायालयानें सांगितली त्याहून अधिक शिक्षा देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

शेवटीं पालकांस व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतों. आपला माणूस आंत आजारी असून उपचार होत नाहींत असें वाटलें, तर तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे जावें. १९८७ च्या कायद्याप्रमाणें कोठडींतील प्रत्येक व्यक्तीस, तसेंच स्त्रियांस व आदिवासी बांधवांस, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. तसेंच, आजारी वा अशक्त आरोपीचा जामिनाचा अर्ज विचारांत घेतांना त्याच्या प्रकृतीकडे पाहण्याची मुभा कायद्यानें न्यायालयास दिली आहे. म्हणून वैद्याचे कागद वकिलास अवश्य दाखवावेत.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडेहि एक काम आहे. ज्याच्या घरचा माणूस तुरुंगांत आहे असा एखादा सोबती तुमच्या वर्गांत असेल, तर त्याला टोचून बोलूं नका. त्याच्या आईस वाचतां येत नसेल तर अर्ज तुम्ही वाचून दाखवा, शिधापत्रिकेवरील नांवें बरोबर आहेत कीं नाहींत तें पाहा, आणि जरूर पडल्यास तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जा. शिकलेल्या अक्षराचा इतका तरी उपयोग आपल्या गांवांतील माणसांस व्हावा, अशी आमची इच्छा आहे.