हे अंशतः खरे आहे

विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? मंत्र्यांकडून छापील उत्तर येतं: हे अंशतः खरे आहे. आणि शेवटच्या भागाला: प्रश्न उद्भवत नाही.

मी विधिमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात बसून बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत घ्यायचा, पाळी संपली की बाहेर येऊन तो टंकायचा. मान कायम वहीत. कोण हात उडवतंय, कोण हसतंय, ते दिसायचंच नाही. पण माणूस स्वतःला कसा मांडतोय हे कानाला फार लवकर कळायला लागतं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आमदाराचा मंत्री झाला की त्याच्या बोलण्यातला ‘मी’ जातो. विरोधात असताना ‘मी विचारतो’, ‘मी सोडणार नाही’ म्हणून बाक वाजवणारे गृहस्थ शपथ घेऊन आले की ‘चौकशी करण्यात येईल’, ‘निधी उपलब्ध करून देण्यात येईल’, ‘दोषींवर कारवाई करण्यात येईल’. करणारा कोण, ते वाक्यात कुठेच नाही. हा नुसता सरकारी थाट नव्हे. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द शासकीय आश्वासन समितीकडे जातो आणि तो पाळला का, याचा पाठपुरावा होतो. म्हणून मुरलेला मंत्री ‘करतो’ म्हणत नाही, ‘तपासून पाहण्यात येईल’ म्हणतो. तपासून पाहिलं, झालं. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, माणूस काय संयमी आहे!

हेच गृहस्थ मतदारसंघात गेले की ‘मी’ परत येतो. रस्ता मी आणला, धरणाचं पाणी मी आणलं. तेही ‘पाणी’ नाही, ‘पानी’. आमच्या एका सदस्यांचा ‘ण’ सभागृहात खणखणीत असे. एकदा नातेवाइकांच्या लग्नासाठी मी त्यांच्या तालुक्यात गेले होते, तेव्हा बाजारतळावर त्यांची सभा चालली होती. सगळे ‘ण’ गायब. पुण्याच्या कॉलेजात शिकलेला माणूस, पण समोर बसलेल्यांना आपला वाटायचं तर तिथे ‘न’च हवा, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मला त्यात ढोंग वाटलं नाही. घरी एक आणि कचेरीत एक, अशी दोन मराठी आपल्यापैकी बहुतेकांकडे असतात. मुंबई-पुण्याकडे ‘आनी-पानी’ला हसतात, त्यांना हे कळत नाही की ज्याला ते हसतात त्याची मतं त्यावरच वाढलेली असतात. गंमत म्हणजे सभागृहात कुणी ‘पानी’ म्हणालं तरी आम्ही टंकायचो ‘पाणी’च. कागदावर सगळे एकाच शाळेतले.

कधी कधी सगळी प्रतिमा भाषणाच्या पहिल्या ओळीत येऊन बसते. बाळासाहेब ठाकरे ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ म्हणाले की पुढचं ऐकण्याआधीच शिवाजी पार्क पेटायचं. २०२४च्या मार्चमध्ये त्याच मैदानावर उद्धव ठाकरे यांनी ‘हिंदू’च्या जागी ‘देशभक्त’ म्हटलं आणि भाजपने तेवढ्यावरूनच टीका सुरू केली. एक शब्द बदलला, पण पक्ष कुठे उभा आहे याचा वाद त्यावर झाला.

मला जास्त विचार करायला लावलं ते आर. आर. पाटलांनी. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आबा. ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान घेऊन ते गावोगाव फिरले, गृहमंत्री म्हणून तंटामुक्तीची मोहीम काढली. लोकांनी त्यांना उचलून धरलं ते त्यांच्या बोलण्यामुळे. हळू, साधं, कोपरखळी मारून पुढे जाणारं, सांगली जिल्ह्याचा वास असलेलं मराठी. ते उत्तराला उभे राहिले की विरोधी बाकही ऐकायचे.

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पत्रकारांशी ते हिंदीत बोलले. मोठ्या शहरात असं एखादं घडतं, अशा अर्थाचं वाक्य तोंडातून गेलं. दीडशेच्या वर माणसं मेलेली, आणि वाक्य वाजलं हिंदी सिनेमातल्या संवादासारखं. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. माझं मत असं, की आबांना धीर द्यायचा होता. मराठीत त्यांच्याकडे धीर द्यायच्या दहा तऱ्हा होत्या. हिंदीत जे तयार हाताशी होतं तेच बाहेर आलं. ज्या भाषेत आपण लहानाचे मोठे झालो नाही, तिच्यात आपल्याकडे दुसऱ्यांचीच वाक्यं जास्त असतात. टीव्हीने ते वाक्य देशभर फिरवलं. देशाला आबा ओळखीचे झाले ते तेवढ्या वाक्यापुरते.

तासगावकरांनी त्यांना त्या हिंदीवर मोजलं नाही. २००९च्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले, त्याच वर्षी पुन्हा गृहमंत्री झाले आणि २०१४लाही जिंकले. फेब्रुवारी २०१५मध्ये ते गेले तेव्हा माणसं रडत होती ती मराठी बोलणाऱ्या आबांसाठी.

विधिमंडळातली प्रश्नोत्तरं आता संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. आपल्या तालुक्याचा एखादा प्रश्न काढा. आमदारांनी गावात ‘मी केलं’ म्हणून सांगितलेलं काम तिथे कोणत्या क्रियापदात लिहिलंय, तेवढं बघा. ‘करण्यात येत आहे’ असेल, तर पुढच्या सभेत उभं राहून विचारा: कोण करतंय, आणि कधीपर्यंत?