खोकला थांबला, पण कारण सापडले काय?

खोकला हे दुखणे घरोघरी इतके परिचयाचे आहे की, त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे पुष्कळांना अनावश्यक वाटते. आडुळशाचा काढा, ज्येष्ठमधाचा तुकडा, रात्री निजताना हळद घातलेले कढत दूध, अशा उपचारांवर आठ-दहा दिवस जातात. आणि हवापालटामुळे आलेला खोकला बहुधा तेवढ्यात बराही होतो. परंतु दोन महिने उलटले तरी ढास थांबत नाही, छातीच्या चित्रात काही दिसत नाही आणि नेमके काय झाले आहे हे कोणी सांगू शकत नाही, तेव्हा साऱ्या घराची झोप उडते. आठ आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या अशा खोकल्याला वैद्यकशास्त्रात जुनाट खोकला असे म्हणतात.

नोकरीच्या निमित्ताने बंगळूरला येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशाच एका कुटुंबाचे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. घरातील गृहिणीला पहाटे खोकल्याची उबळ येते. शेजारच्या खोलीत मुलगा परीक्षेचा अभ्यास करीत असतो, म्हणून ती तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात जाऊन बसते. बसमध्ये शेजारची बाई जरा दूर सरकते. ते ध्यानात येऊन ती लग्नकार्याला जाणेही टाळू लागते. पुढे कोणी डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. चौथ्या दिवशी खोकला थांबतो आणि घरातील सर्वांना हायसे वाटते. गोळ्या संपल्यावर पंधरवड्यात खोकला पुन्हा हजर होतो. मग जुनी चिठ्ठी दाखवून औषधांच्या दुकानातून त्याच गोळ्या आणण्याचा प्रघात पडतो. वर्षभराने चेहरा गोल व सुजल्यासारखा दिसू लागतो, रक्तातील साखर वाढते. आणि खोकला का येतो, हा प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो.

खोकला थांबणे आणि खोकल्याचे कारण सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे एक चांगले औषधही घातक कसे ठरते आणि ती गल्लत टाळून या दुखण्यासह कसे राहता येते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

गुणकारी, पण मुके औषध

स्टेरॉइड हा शब्द ऐकताच काही लोक दचकतात, तर काहींना तो सर्व रोगांवरील रामबाण वाटतो. दोन्ही टोके सोडलेली बरी. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सांधेवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. या शोधकार्याबद्दल हेंच, केंडॉल व राइखश्टाइन या तिघांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांत तयार होणाऱ्या द्रव्यांशी या औषधाचे नाते आहे. दम्यासारख्या विकारात श्वासनलिकांना आतून आलेली सूज व दाह ते उतरविते. १९७०नंतरच्या दशकात हेच औषध श्वासावाटे घेण्याची सोय झाली. ज्याला आपण घरी ‘पंप’ म्हणतो, त्यातून औषधाची अत्यल्प मात्रा थेट फुप्फुसात जाते; त्यामुळे गोळ्यांचे बरेचसे दुष्परिणाम टळतात.

परंतु हे औषध दाह शमविते, दाहाचे कारण सांगत नाही. तापल्या तव्यावर पाणी शिंपडले तर तवा क्षणभर निवतो. खालची चूल पेटती असेल तर तो पुन्हा तापावयाचाच. स्टेरॉइडने खोकला कमी होणे ही तपासाची एक खूण आहे. दमा अथवा श्वासमार्गातील इओसिनोफिल नावाच्या पेशींची वाढ यांकडे ती बोट दाखविते. औषधाचा काहीच उपयोग न होणे हीदेखील खूणच होय. पण खूण म्हणजे निदान नव्हे.

बंगळूरच्या हवेतील खुणा

उंचावरील गार हवेसाठी आणि उद्यानांसाठी नावाजलेल्या या नगरीत श्वासविकारांचा प्रश्न जुना आहे. डॉ. एच. परमेश यांनी शहरातील १८ वर्षांखालील वीस हजार मुलांच्या रुग्णालयीन पाहणीतून दम्याचे जे प्रमाण नोंदविले, ते १९७९ साली ९ टक्के, १९८९ साली १८.५ टक्के व १९९९ साली २९.५ टक्के असे होते. रुग्णालयात आलेल्या मुलांचे हे आकडे साऱ्या शहराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि वाढ कोणत्या दिशेने झाली, हे त्यांवरून स्पष्ट होते.

दुसरी खूण रिकाम्या भूखंडांवर उगवते. आपण जिला गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो, ती पांढऱ्या बारीक फुलांची वनस्पती भारतात प्रथम ठळकपणे ध्यानात आली ती १९५५च्या सुमारास पुण्यात. पुढे ती देशभर पसरली व बंगळूरात तिने चांगलेच बस्तान बसविले. तेथील रुग्णांवर झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नाक सतत वाहणाऱ्यांपैकी ३४ टक्के व दमेकऱ्यांपैकी १२ टक्के लोकांच्या त्वचेवर या गवताच्या परागांच्या चाचणीची प्रतिक्रिया उमटली. या गवताचा पाला खाणारा एक भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणण्यात आला. पण गवताचा नायनाट काही झाला नाही.

तिसरी खूण तर सज्जातच घुमत असते. देशातील १९ शहरांतून जमविलेली व २०१७ साली प्रसिद्ध झालेली एक नोंद सांगते की, फुप्फुसांच्या अंतर्भागातील पडद्यांना सूज आलेल्या १०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा विकार श्वासावाटे आत जाणाऱ्या कणांच्या वावड्याचा होता. कबुतरांची पिसे व विष्ठा, हवा गार करणाऱ्या कूलरमधील बुरशी ही अशा वावड्याची ओळखीची कारणे आहेत. या विकारावर स्टेरॉइड देतात; परंतु कबुतरे सज्जात तशीच राहिली, तर त्या गोळ्यांचा काय उपयोग?

दक्षिणेतील दोन धडे

बंगळूर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. या संस्थेतील देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी जवळच्या तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत क्षयरोग्यांच्या भेटी घेतल्या. खेडुतांना आपल्या दुखण्याची जाणीवच नसते, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी ती खोडून काढली. बहुतेक रोग्यांना आपली लक्षणे ठाऊक होती, आणि जवळजवळ निम्मे तर उपचारासाठी दवाखान्याची पायरी चढलेही होते. तेथे त्यांच्या हाती पडली ती खोकल्याच्या औषधाची बाटली! रोगी दारी आला होता. पण खोकल्यामागचे कारण कोणी शोधले नव्हते. देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाची उभारणी करताना या धड्याचा मोठा उपयोग झाला.

दुसरा धडा बंगळूरहून काही तासांच्या अंतरावर असलेल्या मदनपल्लीजवळच्या क्षयरोग आरोग्यधामातील आहे. तेथील फ्रिमोट-म्योलर व बार्टन या डॉक्टरांनी १९४० साली एका चमत्कारिक विकाराचे वर्णन केले. रोग्यांना खोकला येई, छातीच्या चित्रात क्षयासारखे ठिपके दिसत; परंतु थुंकीत क्षयाचे जंतू नसत आणि रक्तात इओसिनोफिल पेशी मात्र भरमसाट असत. हत्तीपायाच्या जंतांविरुद्ध शरीराने केलेला हा अतिरेकी प्रतिकार असतो, हे पुढे सिद्ध झाले. आज त्यावर जंतविरोधी औषध उपलब्ध आहे. एका ठिकाणी क्षयाला साधा खोकला मानले गेले; दुसऱ्या ठिकाणी क्षयासारखे दिसणारे दुखणे क्षय नव्हते. दोन्ही ठिकाणी खरे उत्तर थुंकीच्या व रक्ताच्या साध्या तपासणीतून मिळाले.

तपास कोणत्या क्रमाने व्हावा?

खोकला दोन आठवडे टिकला की थुंकीची क्षयासाठी तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत ती विनामूल्य होते. स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी ही तपासणी होणे विशेष अगत्याचे आहे, कारण या औषधाने शरीराची प्रतिकारशक्ती मंदावून सुप्त क्षय डोके वर काढू शकतो. त्यानंतर छातीचे चित्र, फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी आणि रक्तातील इओसिनोफिलची मोजणी यांचा क्रम लागतो.

डॉक्टरांपुढे बसताना काही गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. रक्तदाबासाठी एनालॅप्रिल किंवा रॅमिप्रिल या जातीची गोळी चालू आहे काय? तिने काही लोकांना महिनोन्‌महिने कोरडा खोकला येतो आणि डॉक्टरांनी गोळी बदलून दिल्यावर तो बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. नाकातून घशात स्राव उतरतो काय? जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर छातीत जळजळते काय? घरात कोणी धूम्रपान करते काय? धूळ, पीठ, रसायने यांत काम करावे लागते काय? खोकला रात्री अधिक की दिवसा? पंधरा दिवस एका वहीत या नोंदी ठेवल्या, तर त्या पुष्कळदा महागड्या चाचणीइतक्या उपयोगी पडतात. थुंकीतून रक्त पडणे, वजन घटणे, ताप, धाप किंवा आवाज बसणे यांपैकी काही असेल, तर मात्र वही बाजूस ठेवून त्वरित छातीच्या डॉक्टरांकडे जावे.

गोळ्या चालू असताना

ज्यांना स्टेरॉइड घेणे भाग आहे, त्यांनी पहिली गोष्ट मनावर कोरून ठेवावी, ती ही की, तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ रोज घेतलेली गोळी एकाएकी बंद करू नये. बाहेरून पुरवठा होऊ लागला की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवितात आणि त्यांना पुन्हा जागे होण्यास अवधी लागतो. मधेच गोळी तोडल्यास ग्लानी, उलट्या, रक्तदाब उतरणे असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पायरीपायरीने उतरवावी. गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यावी. रक्तातील साखर, रक्तदाब, डोळे व हाडे यांची वेळोवेळी तपासणी करावी. शस्त्रक्रिया, मोठा ताप किंवा लस घेण्याचा प्रसंग आला, तर आपण हे औषध घेतो हे आधी सांगावे. तशी चिठ्ठी खिशात बाळगावी. पंप वापरणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चुळा भराव्यात, म्हणजे तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येत नाहीत. पंप ओढण्याची रीत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावी. औषध गुणकारी असूनही ते घशातच राहिल्याने वाया गेले, असे अनेकदा घडते.

कारण सापडलेच नाही तर?

सर्व तपास होऊनही काही जणांच्या खोकल्याचे कारण हाती लागत नाही. तो खोकला मनाचा खेळ आहे, असे म्हणून त्यांना दुखवू नये. घशातील व श्वासमार्गातील चेतातंतू अतिसंवेदनशील झाल्यामुळे थंड हवा, अत्तराचा वास, फोडणीचा खाट, इतकेच काय, बोलणे वा हसणे हेदेखील उबळ आणण्यास पुरेसे होते, असे आता तज्ज्ञ मानतात. दाहाचा पुरावा नसेल, तर अशा रोग्यांना स्टेरॉइड देत राहण्यात अर्थ नसतो. पंपाचा दोन ते चार आठवड्यांचा प्रयोग करून गुण नसल्यास डॉक्टर तो थांबवितात. त्याऐवजी वाचा-उपचारतज्ज्ञांनी शिकविलेले श्वासाचे व गिळण्याचे व्यायाम आणि चेतातंतू शांत करणारी काही औषधे अनेकांना उपयोगी पडतात.

आणि घरच्यांनी काय करावे? फोडणी देताना खिडकी उघडावी, उदबत्तीचा धूर आवरावा, सज्जातील कबुतरांना दाणे घालणे थांबवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खोकणाऱ्या माणसाला रात्री एकट्याने स्वयंपाकघरात जाऊन बसण्याची वेळ येऊ देऊ नये. क्षयाची तपासणी होऊन गेली असेल, तर त्याच्यापासून दूर सरकण्याचे काहीच कारण उरत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातील एकाने सोबत जावे आणि नम्रपणे, पण निश्चयाने विचारावे, ‘या औषधाने खोकला थांबेल हे समजले, तो कशामुळे येतो, ते पाहण्यासाठी आता कोणती तपासणी करावयाची?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रोग्याला आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना तो ऐकून संतोषच वाटतो.