राजा मेला, वाटणी सुरू

१०६५ च्या डिसेंबरात लिओनचा राजा पहिला फर्नांडो वारला आणि आजच्या स्पेनच्या उत्तरेतलं त्याचं राज्य तीन मुलांत वाटलं गेलं. थोरल्या सांचोला कॅस्टिल, मधल्या अल्फोन्सोला मानाचं लिओन, धाकट्या गार्सियाला गालिसिया. झामोरा आणि तोरो ही शहरं दोन मुलींकडे गेली. वाटणी बापाने स्वतः ठरवून दिलेली होती. तरीही आठ वर्षं उलटायच्या आत झामोऱ्याच्या वेढ्यात सांचोचा खून झाला, गार्सिया मरेपर्यंतच्या कैदेत पडला आणि तिन्ही मुकुट अल्फोन्सोकडे आले.

‘क्रुसेडर किंग्ज थ्री’ या संगणकावरच्या खेळात १५ सप्टेंबर १०६६ पासून डाव मांडता येतो. तेव्हा हे तिघे भाऊ नकाशावर शेजारीशेजारी राज्य करत असतात. पुढे काय घडणार हे खेळात लिहून ठेवलेलं नाही. ठरलेले आहेत ते फक्त नियम, आणि भाऊबंदकी त्या नियमांतूनच उगवते.

हा खेळ स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २०२० साली आणला. त्यात तुम्ही एखादं राज्य खेळत नाही, एक घराणं खेळता. तुमचा राजा मेला की तुम्ही त्याचा वारस होता, वारस मेला की त्याचा वारस. घराण्यातलं कुणीच उरलं नाही तर डाव तिथेच संपतो. नाही तर तो १४५३ पर्यंत चालू शकतो.

खरी गंमत वाटणीत आहे. सुरुवातीच्या काळात बहुतेक राज्यांना जो कायदा लागू असतो, त्यात बापाच्या पदव्या आणि जमीन मुलांत विभागली जाते. दोन मुकुट आणि दोन मुलगे असतील तर प्रत्येकाला एकेक, इथवर सरळ आहे. पण समजा तुमच्या डोक्यावर मुकुट एकच आहे आणि लढाया मारून तुम्ही शेजारच्या राज्याची अर्ध्याहून जास्त भूमी घेतली आहे. त्या राज्याचा मुकुट तुम्ही मुद्दामच घडवला नाही, कारण वाटणी टाळायची होती. तुम्ही डोळे मिटताच कायदा तो मुकुट आपणहून घडवतो आणि धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो! कालचा आज्ञाधारक मुलगा आज स्वतंत्र राजा होतो. म्हणजे जिंकत जाणं हाच राज्य फुटण्याचा रस्ता ठरतो. सगळं थोरल्यालाच देण्याचा कायदा आहे, पण तो मध्ययुगाच्या अखेरच्या टप्प्यात पोचल्यावर मिळतो. तोवर बऱ्याच पिढ्या काढायच्या असतात.

मग खेळाडू पळवाटा शोधतात. धाकट्याला मठात धाडतात. घराण्याची प्रतिष्ठा खर्चून त्याचा वारसा तोडतात. काही जण तर नावडत्या मुलाला सरदार म्हणून प्रत्येक लढाईत पुढे काढतात आणि वाट पाहतात. आणखी एक वाट आहे: सम्राटपद मिळवायचं. मग भाऊ राजे झाले तरी थोरल्या सम्राटाचे मांडलिक राहतात. खऱ्या अल्फोन्सोनेही पुढे स्वतःला साऱ्या हिस्पानियाचा सम्राट म्हणवून घेतलं होतं.

युद्धाचा धागाही या वारशाशीच जोडलेला आहे. खेळात मनात आलं म्हणून कुणावर चालून जाता येत नाही, आधी कारण लागतं. सर्वांत सोपं कारण म्हणजे दावा. गादी थोरल्याला मिळाली तरी धाकट्याचा दावा जिवंत राहतो. त्याच्या मुलांकडे तो जातो, पण कच्चा होऊन. कच्च्या दाव्यासाठी कुणी हत्यार उपसलं नाही तर तो पुढच्या पिढीत उतरत नाही, विरून जातो. दावा नसेल तर दरबारातल्या धर्मगुरूला कामाला लावून एखाद्या परगण्यावर तो बनवूनही घेता येतो.

युद्ध पेटलं की एक आकडा शंभराकडे सरकू लागतो. लढाया जिंकल्या, किल्ले घेतले की तो वाढतो. शत्रूचा राजाच हाती लागला तर युद्ध जवळपास मिटलंच. पण जिंकलात तरी ज्या भूमीसाठी युद्ध पुकारलं तेवढीच मिळते आणि वर काही वर्षांचा तह पाळावा लागतो. मदतीला येतात ते बहुतेक सोयरे. मुलगी ज्या घरात दिली ते घर तुमच्यासाठी सैन्य काढतं. ती बाळंतपणात दगावली तर सोयरीक तुटते आणि एक आघाडीच नाहीशी होते. लग्न, बारसं आणि मयत या तिन्हींना इथे लष्करी वजन आहे.

हे सारं युरोपापुरतं नाही. खेळाच्या नकाशात आपला दख्खनही आहे, आणि तिथल्या इतिहासालाही हेच नियम लागू पडतात. कल्याणीच्या चालुक्यांत सहाव्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला हटवूनच गादी घेतली.

अल्फोन्सोच्या कथेचा शेवट तर खेळाडूंना भलताच ओळखीचा वाटेल. भावांना बाजूला सारून त्याने सगळं एकहाती केलं, १०८५ मध्ये टोलेडो घेतलं. वाटणी मागायला दुसरा मुलगाच नव्हता. पण ११०८ मध्ये उक्लेसच्या लढाईत तो एकुलता एक मुलगा मारला गेला. पुढच्या वर्षी अल्फोन्सोही गेला. राज्य मुलीकडे, उर्राकाकडे आलं. तिचं लग्न आरागॉनच्या राजाशी झालं आणि पुढे नवरा-बायकोच एकमेकांविरुद्ध लढले.

तेव्हा खेळून पाहणार असाल तर पहिला डाव आयर्लंडमधल्या मन्स्टरच्या मुर्खाद राजाचा घ्या. खेळाची शिकवणी त्याच्यापासूनच सुरू होते. आणि कुठलंही युद्ध पुकारण्याआधी वारसांचा तक्ता उघडून बघा. आज राजा मेला तर कुणाला काय जाईल, हे तिथे स्पष्ट दिसतं. जिंकलेली जमीन कुणाच्या वाट्याला जाणार हे माहीत नसेल, तर ती लढाई तुम्ही दुसऱ्या कुणासाठी तरी लढत आहात.